शपथ घेऊ की नको?

प्रिय मावशी,

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. लग्न होऊन इकडे आले त्याला सतरा वर्षं झाली. एडिसन, न्यू जर्सी. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट. ग्रीनकार्डाच्या रांगेत दहा वर्षं गेली. आता नागरिकत्वाची मुलाखत पास झालेय, पुढच्या महिन्यात शपथ आहे, आणि माझा पाय उचलत नाहीये.

एक म्हणजे आप्पा, माझे वडील. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, एकाहत्तरला पूर्वेच्या आघाडीवर. शपथेचं सांगितलं तर फोनवर म्हणाले, "आम्ही तिकडं चिखलात होतो आणि ह्यांनी आमच्यावर आरमार धाडलं. त्यांच्या झेंड्यापुढं हात वर करणार तू? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असलं ते सरकार." त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलं, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलंय.

दुसरी माझी लेक. चौदा वर्षांची, नववीत आहे. शाळेत रोज सकाळी झेंड्याची प्रतिज्ञा होते, 'लिबर्टी अँड जस्टिस फॉर ऑल' म्हणतात ना, ती. गेले तीन आठवडे ती उभीच राहत नाही. मला म्हणते, "फॉर ऑल कुठे आहे, आई? दाखव." शाळेतून ईमेल आलाय, घरी बोलून घ्या म्हणून.

नवरा म्हणतो, हात वर कर, पासपोर्ट घे, विषय संपव आणि पोरीला गप्प बसव. पण मला खोटी शपथ घ्यायची नाही गं मावशी. काय करू?

तुझी एक वाचक, एडिसन

*

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग शपथेचा मजकूर काढून तोही वाचला. १९८६ साली नेवार्कच्या न्यायालयात मी तो मोठ्याने म्हटलाय, पण खरं सांगते, त्या दिवशी माझं लक्ष साडीच्या निऱ्यांकडे जास्त होतं. तू शब्दापाशी अडलीस, याचा मला आनंद वाटतो. शपथ पाळायची असते, म्हणूनच ती तुला जड जातेय.

आधी आप्पांचं बघू. ते खरं बोलतायत आणि त्यांना नीट उत्तर मिळायला हवं.

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्य विद्यापीठात घुसलं आणि कत्तल सुरू झाली. आर्चर ब्लड हे अमेरिकेचे ढाक्यातले कॉन्सल जनरल होते. जे डोळ्यांनी दिसत होतं ते त्यांनी तारांवर तारा करून वॉशिंग्टनला कळवलं. वॉशिंग्टन गप्प राहिलं, कारण निक्सन आणि किसिंजर यांना चीनशी संधान बांधायचं होतं आणि मधला निरोप्या होते पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान. जुलैत किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप पेकिंगला गेले. त्या वाटेत काटा नको, म्हणून बंगालमध्ये पडणाऱ्या प्रेतांकडे पाठ फिरवली गेली. सुमारे एक कोटी माणसं निर्वासित होऊन भारतात आली. आणि डिसेंबरात, आप्पांच्या पलटणी ढाक्याकडे सरकत असताना, अणुशक्तीवर चालणारं 'एंटरप्राइज' हे विमानवाहू जहाज आपला ताफा घेऊन बंगालच्या उपसागरात आलं.

आप्पांच्या त्या रागावर माझ्याकडे उतारा नाही. तूही शोधू नकोस. जे झालं ते झालं आणि त्याबद्दल त्यांची कोणी माफीही मागितलेली नाही.

पण त्याच वर्षातल्या आणखी दोन गोष्टी आप्पांना कोणी सांगितल्या नसतील, त्या तू सांग. ६ एप्रिल १९७१ ला ढाक्याहून एक तार गेली, तिला ब्लड यांची संमती होती आणि वीस अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. आपल्याच सरकारला त्यांनी लिहिलं की लोकशाही चिरडली जात असताना आपण निषेधसुद्धा केला नाही, आणि ही नैतिक दिवाळखोरी आहे असंच पुष्कळांना वाटेल. सरकारी नोकरीत असताना, वरिष्ठांना, लेखी. ब्लड यांना ढाक्यातून हलवलं गेलं. किंमत मोजावी लागणार हे सह्या करताना सगळ्यांना कळत असणार.

दुसरी गोष्ट बाल्टिमोरची आहे आणि ती मला फार जवळची वाटते. जुलै १९७१ मध्ये 'पद्मा' नावाचं पाकिस्तानी मालवाहू जहाज तिथल्या बंदराला लागायला आलं. पाकिस्तानला अमेरिकेतून लष्करी सामान जात होतं आणि ते थांबवायचं म्हणून क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातली काही माणसं आणि त्यांचे मित्र छोट्या वल्हवायच्या होड्या घेऊन पाण्यात उतरले. एवढाल्या जहाजापुढे त्या होड्या म्हणजे टरबुजाच्या सालीएवढ्या! पोलिसांनी त्यांना पाण्यातून ओढून काढलं, अटक केली, जहाज धक्क्याला लागलं. हरलेच ते त्या दिवशी. पण त्यांनी गोदी कामगारांकडे जाऊन बोलणं चालू ठेवलं, आणि फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजांवर माल चढवायला नकार दिला. ज्यांचं पोट त्याच कामावर चालतं अशी ती माणसं होती आणि ढाका नकाशात कुठे आहे हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. फिलाडेल्फिया तुझ्या घरापासून गाडीने तासा-सव्वातासावर आहे. एकदा आप्पा इकडे आले तर त्यांना त्या नदीकाठी घेऊन जा.

आप्पांच्या समोर आलं ते आरमार याच देशाचं होतं आणि त्या होड्याही याच देशाच्या होत्या. आरमार हलवायला एका माणसाचा हुकूम पुरला, होड्यांसाठी मात्र माणसं एकेक करून गोळा करावी लागली.

आता, एकाहत्तर हा अपवाद होता असं मी तुला सांगणार नाही. १९५३ मध्ये इराणात पंतप्रधान मोसादेग यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं म्हणून त्यांचं सरकार पाडलं, त्यात सीआयए या अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेचा हात होता हे खुद्द सीआयएने २०१३ मध्ये कागदोपत्री मान्य केलं. पुढच्याच वर्षी ग्वाटेमालात अध्यक्ष आर्बेन्झ यांना घालवलं. त्यांच्या जमीनसुधारणेत एका अमेरिकन केळी कंपनीच्या पडीक जमिनी जात होत्या. नंतर चिली. नंतर व्हिएतनाम, जिथे हो चि मिन्ह यांनी २ सप्टेंबर १९४५ ला हनोईच्या मैदानात स्वातंत्र्याची घोषणा करताना सुरुवातच अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने केली होती, की सर्व माणसं समान जन्माला येतात. त्याच देशावर पुढे बॉम्ब पडले. २००३ मध्ये इराकवर स्वारी केली ती ज्या संहारक अस्त्रांच्या नावाने, ती अस्त्रं सापडलीच नाहीत. अबू घ्रैबच्या तुरुंगातले कैद्यांच्या छळाचे फोटो मात्र सापडले. आणि प्रत्येक वेळी तोंडी शब्द तोच: स्वातंत्र्य.

माझ्या लहानपणी आमच्या रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. भाकरी थापताना तुटायची, आई करवादायची, पण पोट भरायचं. पुढे इथे आल्यावर वाचलं की १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन भारताला गहू पाठवत होते तो जाणूनबुजून महिन्या-महिन्याच्या बोलीवर, दोर आखडता धरून. भारत व्हिएतनामच्या युद्धावर टीका करतो हे त्यांना खुपत होतं, हे त्यामागचं एक कारण. वाचून माझ्या घशात घास अडकला. आम्ही जगलो ते त्याच धान्यावर. कॅन्ससमधल्या ज्या शेतकऱ्याने ते पिकवलं त्याच्या मनात असलं काही नव्हतं.

म्हणून शपथेकडे येते. तुझ्या मनात बहुतेक असं आहे की शपथ म्हणजे या सगळ्यावर होकाराची सही. मजकूर नीट वाच. त्यात अध्यक्षाचं नाव नाही. सरकारच्या धोरणाशी, सैन्याच्या मोहिमेशी, व्हाइट हाऊसशी निष्ठा ठेवीन असं कुठेही लिहिलेलं नाही. राज्यघटना आणि कायदे यांचं रक्षण करीन, असं आहे, आणि कोणापासून, तर बाहेरच्या आणि घरच्या सर्व शत्रूंपासून. तो 'घरच्या' शब्द मी १९८६ मध्ये ऐकलाच नव्हता. आज मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जे लिहून ठेवलंय ते मोडणारा खुर्चीत बसलेला असेल तर त्याच्यापासूनसुद्धा ते राखायचं.

माझ्या शपथेच्या वेळी माझ्या शेजारी चिलीचे एक गृहस्थ होते, साठीचे. सगळ्यांना कागदी झेंडे वाटले होते, त्यांनी आपला झेंडा घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. न्यायाधीश यायला वेळ होता म्हणून आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत बसलो. १९७३ च्या लष्करी बंडानंतर ते देश सोडून आले होते. तिथला हुकूमशहा पिनोशे याला कोणी हात दिला हे त्यांना माझ्यापेक्षा शंभर पटीने ठाऊक होतं. मी धीर करून विचारलं, मग इथलं नागरिकत्व कसं घेताय? ते म्हणाले, "तिकडे मत द्यायची सोयच राहिली नाही. इथे तरी देईन." एवढंच. हात वर केला तेव्हा तो थरथरत होता. वयाने असेल किंवा कशानेही. मला आजही त्यांच्या त्या घडी घातलेल्या झेंड्याची काडी खिशातून वर आलेली दिसते.

तुझ्या प्रश्नातली मेख मला त्यांच्या त्या उत्तरात दिसते. सतरा वर्षं तुझ्या पगारातून कर कापला जातोय. त्या पैशातून शाळा चालली, रस्ते झाले, आणि परदेशात पडलेले बॉम्बही घेतले गेले. शपथ घेतली नाहीस म्हणून तुझे हात स्वच्छ राहिले, असं झालेलं नाही, पोरी. वाटा तुझा होताच, बोलायची सोय नव्हती. भारतातलं मत द्यायला तू त्या दिवशी साताऱ्याला जाऊ शकत नव्हतीस, आणि इथलं तुला नव्हतं. दोन देशांत घर आणि दोन्हीकडे मुकी, अशी सतरा वर्षं गेली तुझी.

देशाच्या आतल्या अन्यायात आणि बाहेरच्या अन्यायात एक फरक आहे. आत ज्याच्यावर अन्याय होतो त्याला निदान ठोठवायला दार असतं: न्यायालय, निवडणूक, वर्तमानपत्र. दार उघडेलच असं नाही, पण असतं. ढाक्यातल्या, तेहरानमधल्या, बगदादमधल्या माणसाला अमेरिकेच्या निवडणुकीत मत नाही. त्याच्या वतीने इथल्याच कोणीतरी बोलायचं असतं. आप्पांच्या बाजूने इथे १९७१ मध्ये ज्यांनी बोलायचं ठरवलं, ते मतदार होते.

आता लेकीकडे येते. तिला गप्प बसवू नकोस. पहिली गोष्ट कायद्याची, कारण शाळेच्या ईमेलने तू घाबरलीयेस. १९४३ मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात, वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळांनी 'जेहोवाज विटनेसेस' या ख्रिस्ती पंथाच्या मुलांना झेंड्याला वंदन करत नाहीत म्हणून काढून टाकलं होतं. तीनच वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात शाळेच्या बाजूने निकाल दिला होता आणि त्यानंतर त्या पंथाच्या लोकांना गावोगावी मारहाण झाली होती. न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की आमच्या घटनेच्या आकाशात एखादा ध्रुवतारा असेलच तर तो हा, की राजकारण, राष्ट्रवाद, धर्म किंवा मताच्या बाबतीत योग्य काय हे कोणताही अधिकारी, लहान असो वा मोठा, ठरवून देऊ शकत नाही. तुमच्या न्यू जर्सीत तर 'म्हणू नकोस, पण निदान उभी राहा' हा नियमही एका हायस्कूलच्या मुलीने न्यायालयात नेला आणि १९७८ मध्ये तो घटनाबाह्य ठरला. तेव्हा शाळेला दोन ओळींचं सभ्य उत्तर पाठव: मुलगी शांत बसते, कोणाला अडथळा करत नाही, आणि तो तिचा हक्क आहे. बस.

पण हक्क आहे म्हणून तिचं शिक्षण संपत नाही. तिला एक फोटो दाखव. डोरोथिया लँग यांनी एप्रिल १९४२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेत तो काढलाय. जपानी वंशाच्या लहान लहान मुली छातीवर हात ठेवून हीच प्रतिज्ञा म्हणतायत. एकीचा चेहरा असा की देवासमोर उभी आहे. जपानशी युद्ध चालू होतं, म्हणून काही दिवसांत सरकारने त्यांची घरं रिकामी केली. सुमारे १,२०,००० माणसं तारेच्या कुंपणात गेली, त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. सुरुवातीला कित्येक कुटुंबं रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या तबेल्यांत राहिली. लँग यांना ते फोटो काढायला सरकारनेच नेमलं होतं, आणि मग सरकारनेच युद्ध संपेपर्यंत ते दडवून ठेवले.

ओकलंडचा एक वेल्डर, फ्रेड कोरेमात्सु, हलायला तयार झाला नाही. त्याचा खटला त्याच सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९४४ मध्ये तो हरला, सहा विरुद्ध तीन. ध्रुवताऱ्याचं वाक्य लिहून जेमतेम दीड वर्ष झालं होतं! विरोधात राहिलेल्या तिघांत जॅक्सन होते. त्यांनी बजावलं की वंश पाहून माणसं हलवायचं हे तत्त्व आता भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहील, ज्याला गरज भासेल त्या अधिकाऱ्याने उचलावं. १९८३ मध्ये कोरेमात्सुंची शिक्षा रद्द झाली. १९८८ मध्ये कायदा करून सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. तबेल्यात राहिलेल्यांपैकी अनेकजण तोवर गेले होते.

हे लेकीला सांग आणि मग तिला काय वाटतं ते ऐक. तिने उठून उभं राहावं म्हणून सांगू नकोस. 'फॉर ऑल कुठे आहे, दाखव' हा तिचा प्रश्न त्या वेल्डरचाच होता. त्याने चाळीस वर्षं तो सोडला नाही. तिला कळू दे की बसून राहणं ही सुरुवात आहे. नुसतं बसायला काही लागत नाही, वाचायला आणि टिकायला लागतं.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं, पासपोर्ट घे आणि विषय संपव. त्याच्यावर रागावू नकोस. दहा वर्षं रांगेत उभा राहिलेला माणूस दमतो, आणि घर, नोकरी, मुलीचं कॉलेज यांची सुरक्षितता मागणं हा काही गुन्हा नाही. पण नागरिकत्व ही कायमची, विषय संपवणारी गोष्ट आहे असं आपल्या लोकांनी तरी समजू नये. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिक होता येत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही. मग ज्या हिंदी लोकांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घेणं सुरू झालं. वैष्णो दास बगाई हे सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार. ब्रिटिश राजवट नको म्हणून १९१५ मध्ये बायको-मुलांना घेऊन आले, नागरिक झाले. ते गेलं, त्यासोबत मालमत्ता गेली, भारतात जायचं तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणून सांगितलं गेलं. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. मागे चिठ्ठी होती: इकडे अडथळे, तिकडे नाकेबंदी, आणि मागचे पूल जळालेले. मला ही ओळ वाचून दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

१९४६ मध्ये कायदा बदलला, वर्षाला १०० हिंदी माणसांना प्रवेश आणि नागरिक होण्याची मुभा. १९६५ मध्ये वंश पाहून कोटा ठरवणं बंद झालं, म्हणून तू-मी आलो. ते दार उघडलं गेलं त्याच वर्षांत, जेव्हा काळ्या लोकांनी दक्षिणेत लाठ्या, कुत्रे आणि पाण्याचे फवारे झेलून समान हक्कांचे कायदे करवून घेतले. आपल्या माणसांना हे सांगितलं की ती गोंधळतात. आपल्याला वाटतं, आपण इथे डिग्रीच्या जोरावर आलो. डिग्री तर बगाईंच्या काळच्या लोकांकडेही होत्या.

आपल्या महाराष्ट्रातला एक धागा याला जोडलेला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' काढली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेच्या भल्या लोकांना, निग्रोंची गुलामी मोडायला त्यांनी जो त्याग केला त्याच्या कौतुकापोटी. त्याच वर्षी, एप्रिलात, ईस्टरच्या रविवारी लुईझियानातल्या कोलफॅक्स गावात गोऱ्यांच्या टोळीने काळ्या माणसांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही मारलं. आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची शिक्षा रद्दच केली. अर्पणपत्रिका मी कितीदा तरी वाचली आहे. ती अमेरिकन सरकारला नाही, लोकांना आहे, आणि त्यांनी केलेल्या एका नेमक्या कामासाठी आहे. माझे देशबांधवही यातून धडा घेवोत, असं त्यात पुढे म्हटलंय. जोतीरावांनी तिथलं चांगलं उचललं ते आपल्या घरातली घाण काढायला. तूही दुसऱ्या देशाकडे तसंच बघ, आणि आप्पांशी बोलताना आपल्या देशाकडेही तसंच बघायची तयारी ठेव, कारण लेक उद्या तिकडचेही प्रश्न विचारणार आहे.

तेव्हा माझं मत विचारशील तर शपथ घे. पण एक काम पत्करून घे. तुझ्या भागातून एक प्रतिनिधी आणि राज्यातून दोन सिनेटर वॉशिंग्टनला जातात. त्यांची नावं फ्रिजवर लावून ठेव. युद्धाचा, शस्त्रविक्रीचा, कोणाला बेड्या घालून पाठवण्याचा विषय आला की त्यांच्या कार्यालयात फोन कर, तुझा पिन कोड सांग, तुझं म्हणणं सांग. दोन मिनिटं लागतात. १४ सप्टेंबर २००१ ला प्रतिनिधीगृहात ४२० मतांनी अध्यक्षांना युद्धाचा मोकळा परवाना दिला गेला, विरोधात एकच मत पडलं, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. अशा बाईच्या कार्यालयात त्या आठवड्यात एखादा फोन 'आम्ही तुमच्यासोबत आहोत' म्हणून गेला असेल तर तो किती मोलाचा असेल, विचार कर.

शपथेत देशासाठी शस्त्र उचलण्याचंही एक कलम आहे. ते मनाला पटत नसेल तर ते वगळून शपथ घेण्याची सोय कायद्यात आहे, पण धर्मामुळे किंवा पक्क्या नैतिक श्रद्धेमुळे असेल तरच. तुझी मुलाखत झालेली आहे, म्हणून आत्ताच एखाद्या इमिग्रेशन वकिलाला विचार, आयत्या वेळी खिडकीपाशी नको. त्या दिवशी ग्रीनकार्ड सोबत ने, ते परत घेतात. नंतर भारताचा पासपोर्ट जमा करावा लागेल. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड मिळेल, पण त्यावर मत नसतं. तो पासपोर्ट हातातून जाताना रडू येईल, मला आलं होतं. येऊ दे.

आणि लेकीला शपथेला घेऊन जा. ती तिथे उभी राहिली नाही तरी चालेल, तिने फक्त ऐकावं, त्या 'घरच्या' शब्दासकट.

आप्पांना फोन करशील तो त्यांच्या सकाळी कर, दूध आलेलं असताना, निवांत. बाल्टिमोरच्या होड्यांचं आधी सांग. ते काय म्हणतात ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. शपथेची तारीख मग सांग.

तुझी,
मावशी